ज्याचे कपडे, त्याचे धुणे



भाताचे राब, वालाची पेरणी, आंब्यावरचे तुडतुडे हे माझे नेहमीचे विषय. आज मात्र मी तुमच्याशी धुण्याविषयी बोलणार आहे. शेतीखात्याच्या माणसाने धुण्यात कशाला लक्ष घालावे, असे कोणी म्हणेल. पण पेण आणि रोहा तालुक्यांतल्या खेड्यांतून इतकी वर्षे फिरताना एक गोष्ट पक्की ध्यानात आली आहे. शेतीच्या सभेला पुरुष वेळेवर येतात. घरातली बाई येते ती सभा निम्मी झाल्यावर, पदराला हात पुसत. कारण विचारले तर उत्तर ठरलेले, "साहेब, धुणं उरकून आले."

आता पाहा, भाताचे बी निवडायचे तिने, रोपे लावायची तिने, वालाच्या शेंगा तोडायच्या तिने, आणि त्याबद्दलची माहिती मात्र तिला निम्मीच मिळायची. म्हणजे धुणे हा नुसता घरातला प्रश्न नाही, तो शेतीचाही प्रश्न आहे. आणि घरात पंधरा वर्षांचा धडधाकट मुलगा पडवीत बसून मोबाईल पाहत असताना त्याच्या शाळेच्या पँटचा चिखल आईने दगडावर घासावा, हे कोणत्या हिशेबात बसते, ते तुम्हीच सांगा.

हिशेब मांडून पाहू

आपण खताचा हिशेब ठेवतो, मजुरीचा ठेवतो. घरातल्या कामाचा हिशेब कोणी ठेवत नाही. तो सरकारने ठेवला. २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी झाली. सहा वर्षांवरील माणसे दिवसाचा वेळ कशात घालवतात, हे त्यात विचारले होते. बिनमोबदल्याचे घरकाम करणाऱ्या बायका शंभरात ८१ निघाल्या आणि पुरुष शंभरात २६. जे हे काम करत होते, त्यांत बायकांचा दिवसाचा वेळ सरासरी २९९ मिनिटे, म्हणजे जवळजवळ पाच तास, आणि पुरुषांचा ९७ मिनिटे. हे झाले देशाचे आकडे. लावणीच्या दिवसांत आपल्या खाचरातल्या बाईचा दिवस कसा जातो, ते तुमच्या घरातच पाहा.

जुलैमध्ये ती सकाळी भाकऱ्या थापून शेतावर जाते. दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून लावणी करते. संध्याकाळी परत येते तेव्हा घरात पाच-सहा माणसांचे ओले, चिखलाचे कपडे ढिगाने पडलेले असतात. त्यांत दोन-तीन गणवेश, मोजे, टॉवेल. कंबर मोडलेली असताना ती पुन्हा वाकते. या धुण्यातला मुलांचा वाटा मुलांनी उचलला, तर तिचा अर्धा-पाऊण तास वाचतो. पाऊण तास म्हणजे तिची पाठ टेकायची वेळ. कोणत्याही टॉनिकापेक्षा तिला त्याची गरज अधिक आहे.

मुलगा आणि मुलगी यांत फरक नको

येथे एक धोका आधीच सांगून ठेवतो. "मुलांनी कामाला हात लावावा" असे सभेत म्हटले की सगळे माना डोलावतात, आणि घरी जाऊन मोठ्या मुलीला सांगतात, "भावाचेही टाक ग त्यात." म्हणजे आईच्या पाठीवरचे ओझे मुलीच्या पाठीवर गेले, एवढेच. मुलाच्या अंगाला काही लागले नाही. मुलीचा अभ्यास बुडाला आणि मुलगा आहे तसाच राहिला.

म्हणून नियम साधा ठेवावा. ज्याचे कपडे, त्याचे धुणे. बहिणीने भावाचे धुवायचे नाहीत, भावाने बहिणीवर टाकायचे नाहीत. चादरी, गोधड्या, पडदे अशी सगळ्यांची म्हणून जी धुणी असतात, ती पाळीपाळीने. या आठवड्यात मुलगा, पुढच्या आठवड्यात मुलगी.

आणि बंधूंनो, नियम घालण्याआधी एक काम तुम्हालाच करावे लागेल. आपला गंजीफ्रॉक आणि लुंगी आंघोळीच्या वेळी आपणच धुऊन टाकावी. बापाचे कपडे आई धूत असताना मुलाला "तुझे तू धू" असे सांगितले, तर तो मुलगा तोंडाने काही बोलणार नाही, पण मनात काय समजायचे ते समजेल.

कोणत्या वयात काय

एकदम सगळे अंगावर टाकू नये. रोपाला जसे आधी हलके पाणी देतो, तसेच हे आहे.

सात-आठ वर्षांच्या मुलाला हातरुमाल, मोजे आणि आतले कपडे द्यावेत. रोज आंघोळीच्या वेळी स्वतःच धुऊन वलणीवर टाकायचे.

दहा-अकरा वर्षांपासून शाळेचा गणवेश त्याच्याकडे द्यावा. सुरुवातीचे पंधरा दिवस आईने किंवा बापाने शेजारी बसून दाखवावे, हात मात्र त्याचेच चालू द्यावेत.

तेरा-चौदा वर्षांनंतर स्वतःचे सर्व कपडे, स्वतःची चादर, आणि पाळीची मोठी धुणी. धुणे म्हणजे नुसते घासणे नव्हे. भिजवणे, घासणे, खळबळणे, पिळणे, वाळत घालणे, पाऊस आला तर धावत जाऊन काढणे आणि घडी करून जागेवर ठेवणे, एवढे सगळे त्यात आले. बरीच मुले घासून बादलीत ठेवतात आणि पुढचे आईला सोडतात. ते अर्धे काम झाले.

ज्या घरात धुण्याचे मशीन आले आहे, तेथेही हा नियम चालतो. खिसे तपासणे, पांढरे आणि रंगीत वेगळे करणे, पावडर मोजून टाकणे आणि वाळत घालणे ही कामे मशीन करत नाही. आणि खेड्यात वीज गेली की मशीन मुके होते, तेव्हा हातच उपयोगी पडतात.

शिकवायचे कसे

मुलांना शिकवताना कारण सांगितले की लक्षात राहते. काही गोष्टी येथे देतो.

कपडे आधी अर्धा तास भिजत घालावेत. भिजलेला मळ अर्ध्या श्रमात निघतो. चिखलाचा डाग मात्र ओला असताना चोळू नये. तो वाळू द्यावा, झटकावा, ब्रशने माती पाडावी आणि मग पाण्यात घालावा. ओला चिखल चोळला की तो धाग्यात आत जातो.

रक्ताचा डाग गार पाण्यात धुवावा. गरम पाण्याने तो पक्का बसतो. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, त्याला घाबरू नये. धुऊन कडक उन्हात टाकला की हळद उन्हाने उडते. लोखंडाच्या गंजाच्या डागावर लिंबू आणि मीठ चोळून उन्हात ठेवावे. केळीचा चीक लागला तर लगेच धुवावा, वाळला की तो कपड्याच्या जन्माचा सोबती होतो. म्हणून केळीत काम करताना जुनेच कपडे घालावेत.

पेणच्या खारेपाटात पाण्याची ओढ जुनीच आहे. ज्या विहिरीचे पाणी मचूळ किंवा जड, तेथे साध्या साबणाच्या वडीला फेस येत नाही. उलट कपड्यावर चिकट पांढुरका थर बसतो आणि मूल म्हणते, "घासून घासून हात दुखले, तरी कपडे स्वच्छ होत नाहीत." दोष मुलाचा नाही, पाण्याचा आहे. अशा पाण्यात धुण्याची पावडर साबणापेक्षा बरी चालते. पावसाळ्यात पागोळीचे पाणी पिंपात धरून ठेवले, तर ते धुण्याला उत्तम.

पाणी मोजून वापरायलाही याच निमित्ताने शिकवावे. एका मुलाचा गणवेश आणि आतले कपडे तीन बादल्यांत आरामात होतात. एक भिजवायला व घासायला, दोन खळबळायला. शेवटच्या बादलीतले पाणी जवळजवळ स्वच्छच असते. ते टाकून न देता पुढच्या कपड्यांना भिजवायला घ्यावे, किंवा परसातल्या केळीच्या बुडाशी ओतावे. ज्या मुलाने स्वतः विहिरीवरून तीन बादल्या पाणी ओढले, त्याला पाण्याची किंमत वेगळी शिकवावी लागत नाही.

पावसाळ्याची अडचण

कोकणात कपडे धुण्यापेक्षा वाळवणे अवघड. आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. अशा वेळी धुण्याचा ढीग साठवू नये, रोजचे रोज थोडे धुवावे. पिळल्यावर कपडा कोरड्या टॉवेलात गुंडाळून दाबला, तर बरेच पाणी टॉवेल ओढून घेतो. पडवीत कपड्यांमध्ये वीतभर अंतर ठेवून वाळत घालावे, म्हणजे वारा फिरतो. दमट कपडा घडी करून पेटीत ठेवला, तर काळे ठिपके पडतात आणि ते जात नाहीत.

दमट कपड्यांनी जांघेत, काखेत नायटा उठतो. आणि एकाच टॉवेलाने सगळ्या घराने अंग पुसले, तर तो घरभर फिरतो. प्रत्येकाचा टॉवेल वेगळा, आणि तो ज्याचा त्याने धुवायचा.

माता-भगिनींना एक गोष्ट आवर्जून सांगतो. पाळीत कापड वापरणाऱ्या मुली लाजेपोटी ते कपडे अंधाऱ्या कोपऱ्यात, दुसऱ्या कपड्याखाली वाळवतात. ते तसे दमट राहणे आरोग्याला वाईट. साबणाने स्वच्छ धुऊन उन्हात, निदान मोकळ्या वाऱ्यावर पूर्ण वाळले पाहिजे. त्यासाठी परसात आडोशाची एक दोरी बांधून द्या, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही हे मुलीला आईनेच सांगावे.

येथे मुलांना पाठवू नका

मुलांना काम द्यावे, पण संकटात घालू नये. चार गोष्टी नीट लक्षात ठेवा.

पहिली गोष्ट फवारणीच्या कपड्यांची. आंब्यावर, वालावर, वांग्यावर औषध मारून आलेल्या माणसाचे कपडे मुलांनी धुवायचे नाहीत, आणि घरच्या इतर धुण्यातही घालायचे नाहीत. फवारणाऱ्याने ते कपडे लगेच उतरवावेत, वेगळ्या बादलीत ठेवावेत आणि रबरी हातमोजे घालून स्वतःच दोनदा पावडरीने भरपूर पाण्यात धुवावेत. ते पाणी विहीर, ओढा आणि गुरांची पाण्याची जागा यांपासून दूर टाकावे. ती बादलीही वेगळीच असावी. औषधाचे घट्ट द्रावण अंगावर सांडून कपडा भिजला असेल, तर तो धुऊन पुन्हा वापरू नये. "ज्याचे कपडे, त्याचे धुणे" हा नियम येथे तर जिवाचा नियम आहे.

दुसरी गोष्ट नदीची. रोहा तालुक्यातल्या कुंडलिकाकाठच्या लोकांना ठाऊक आहे की या नदीचे पाणी पाऊस नसतानाही वाढते. मुळशी धरणाचे पाणी भिऱ्याच्या वीजघरातून खाली येते. हे वीजघर १९२७ पासून चालू आहे. वीज तयार करताना पाणी सुटले की नदीची पातळी चढते. कोलाडला होड्यांचा खेळ चालतो तो याच पाण्यावर. म्हणून मुलांना एकट्याने नदीवर धुण्याला पाठवू नये. जायचेच तर मोठ्या माणसाबरोबर, आणि पावसाळ्यात मुळीच नाही.

तिसरी गोष्ट लेप्टोची. उंदीर आणि गुरे यांच्या मुतातून हे जंतू साचलेल्या पाण्यात व चिखलात येतात आणि पायाच्या जखमेतून अंगात शिरतात. पायाला जखम असेल तर डबक्याच्या पाण्यात, शेताच्या बांधावर धुणे करू नये. पावसाळ्यात ताप, अंगदुखी, पोटऱ्या दुखणे आणि डोळे लाल होणे असे दिसले, तर अंगावर न काढता सरकारी दवाखाना गाठावा, आणि शेतात चिखलात काम केले होते हे डॉक्टरांना सांगावे.

चौथी गोष्ट वलणीची. कपडे वाळत घालायला लोखंडी तार बांधू नका. घरावर येणारी विजेची वायर घासून त्या तारेला लागली, की ओला कपडा टाकणाऱ्याचा जीव जातो. नायलॉनची किंवा काथ्याची दोरी वापरा, आणि तीही विजेच्या वायरीपासून दूर बांधा.

नेहमीच्या तक्रारी

"साहेब, त्याला नीट धुता येत नाहीत. आम्हालाच परत धुवावे लागतात." परत धुऊ नका. कॉलर मळकी राहिली तर तसाच सदरा घालून त्याला शाळेत जाऊ दे. गुरुजींनी किंवा मित्रांनी एकदा म्हटले, की पुढच्या वेळी तो कॉलरवर दोन हात जास्त मारील. तुम्ही मागून गुपचूप धुऊन ठेवलेत, तर त्याला कधीच कळणार नाही.

"अभ्यास बुडतो." रोजच्या धुण्याला पंधरा-वीस मिनिटे लागतात. परीक्षेच्या दिवसांत पाहिजे तर सवलत द्या, पण मुलाला आणि मुलीला सारखीच.

"तो विसरतो." विसरला तर ओरडू नका आणि धुऊही नका. ओला-मळका गणवेश हीच त्याची आठवण. आणखी एक सांगतो, धुणे ही शिक्षा म्हणून कधी देऊ नका. "मस्ती केलीस ना, आता सगळ्यांचे कपडे धू" असे म्हटले, की मुलाच्या डोक्यात धुणे म्हणजे अपमान असे बसते. मग आई रोज तो अपमान सोसते, असाच त्याचा अर्थ झाला.

"पुरुषाच्या जातीला धुणे शोभत नाही." याचे उत्तर मी देण्यापेक्षा मोठ्या माणसांनी देऊन ठेवले आहे.

मोठ्यांनी काय केले

आचार्य विनोबा भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी आपल्याच पेण तालुक्यात, गागोदे गावी झाला. १९१६ साली ते गांधीजींच्या आश्रमात गेले. शास्त्रे शिकलेला हा तरुण तेथे दळण, सूतकताई आणि सफाई यांत रमला. शरीरश्रम हे तर आश्रमाच्या अकरा व्रतांपैकी एक होते. गांधीजी स्वतः बॅरिस्टर. दक्षिण आफ्रिकेत धोब्याचा खर्च फार होतो म्हणून त्यांनी धुलाईचे पुस्तक आणून कपडे धुणे शिकून घेतले. पहिल्या कॉलरला खळ इतकी झाली की कोर्टात ती गळू लागली आणि बरोबरचे वकील हसले. गांधीजींनी धुणे सोडले नाही. ही हकीकत त्यांनी आत्मचरित्रात स्वतःच लिहिली आहे.

साने गुरुजी आपल्या कोकणातले, पालगडचे. १९२४ पासून ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते आणि छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. मुले शाळेत गेली की गुरुजी त्यांच्या खोल्या झाडीत, पसारा आवरीत, त्यांचे कपडे धूत. ते पाहून मुलांना लाज वाटली आणि ती आपली कामे आपण करू लागली, असे त्यांचे विद्यार्थी सांगत. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. सर्व जातींची मुले तेथे एकत्र राहत, स्वयंपाकापासून धुण्यापर्यंतची आपली कामे आपल्या हातांनी करत आणि शिकत.

इतके दूर तरी कशाला जा? आपल्याकडच्या आश्रमशाळांत राहणारी कातकरी आणि ठाकर समाजाची मुले लहान वयातच आपले कपडे आपण धुतात. जे त्यांना जमते, ते आपल्या मुलांना का जमू नये?

पुढचा विचार

आपली मुले आता गावात थांबत नाहीत. कोणी धाटावच्या कारखान्यात, कोणी नागोठण्याला किंवा डोलवीला पाळीवर जातो. कोणी लोणेरेच्या विद्यापीठात, कोणी पुण्या-मुंबईला खोली घेऊन राहतो. तेथे आई बरोबर नसते. ज्याला स्वतःचे कपडे धुता येत नाहीत, तो आठवड्याचे धुणे पिशवीत भरून शनिवारच्या गाडीने आईकडे आणतो. अशा पिशव्या मी पेणच्या आणि रोह्याच्या स्टँडवर पुष्कळ पाहिल्या आहेत. उद्या त्याचे लग्न होईल. सूनही नोकरीला किंवा शेतावर जाणारी असेल. मग ती पिशवी तिच्या हातात जाईल. ती पिशवी कोठे थांबवायची, हे आज आपल्या हातात आहे.

तेव्हा येत्या रविवारी एवढे करा. घरातल्या प्रत्येक मोठ्या मुलाला आणि मुलीला एक-एक बादली नेमून द्या. परसात प्रत्येकाची दोरी बांधा. नियम सगळ्यांसमोर एकदाच सांगा आणि पहिली बादली वडिलांनी भरावी. पहिला महिना कुरकुर होईल, ती ऐकून सोडून द्या.

आणि पुढच्या खेपेला मी तुमच्या गावात सभेला येईन, तेव्हा घरच्या बाईला सुरुवातीपासून पुढच्या रांगेत बसलेली पाहू दे. बियाण्याच्या उगवणीची चाचणी कशी घ्यायची, ते मला आधी तिलाच सांगायचे आहे.